बुरशीचे बिंग फोडणारा मासा

पावसाळ्यात भाकरीला बुरा येतो, ओला बांबू काळवंडतो. बल्लारपुरास हे कोणी नव्याने सांगायला नको. पण २०२१ साली बुरशीनेच महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे नि जबडे नेले. अगोदर कोविड, त्यात मधुमेह, त्यात स्टेरॉइडची औषधे. म्यूकरच्या कुळीतील बुरशीला रान मोकळेच मिळाले. लोक तिला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. वस्तुतः काळे पडते ते रक्त न पोचल्याने मेलेले मांस.

हिचे कण आपण सर्वच श्वासाबरोबर आत घेतो. मग एकाला काही होत नाही, दुसरा दगावतो, हे कसे? माणसाच्या आत डोकावता येत नाही, उंदराच्याही नाही. येथे कामी आला झेब्रा मासा. हा आपल्याच देशाचा, बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतील माशांवरील ग्रंथात १८२२ साली त्याचे वर्णन केले. आज पुणे-मुंबईच्या प्रयोगशाळांतूनही तो पाळतात.

त्याचे अंडे मोहरीहून लहान, आणि आतला जीव काचेसारखा आरपार. दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येते. बारीक काचेच्या सुईने त्यात बुरशीचे कण सोडायचे. बुरशीला एक चमकता रंग, रक्षक पेशींना दुसरा. मग सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत लढाईच दिसते! २०१५ साली म्यूकरवर असा प्रयोग झाला. रक्षक पेशी कणांभोवती घोळका करताना दिसल्या; स्टेरॉइड दिलेली पिल्ले मात्र अधिक मेली. आपल्याकडील अनर्थाच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट.

आता जनुकांकडे वळू. कॅन्डिडा ही बुरशी पुष्कळांच्या तोंडात गुण्यागोविंदाने नांदते. बिथरली की तंतू फोडून आत घुसते. तंतू हेच तिचे शस्त्र, असा समज होता. २०१६ साली तिचे ‘ईसीई-१’ हे एकच जनुक काढून पाहिले. तंतू पूर्वीसारखेच फुटले, पण पेशींना इजा होईना. माशाच्या हवेच्या पिशवीतही तोच अनुभव आला. म्हणजे तंतू ही नुसती म्यान. विष त्या जनुकाने घडविलेल्या एका लहानशा प्रथिनात. औषध शोधणाऱ्याने नेम कोठे धरावा, हे त्यावरून कळते.

एक अडचण सांगितली पाहिजे. मासा वाढतो २८ अंशांच्या पाण्यात, आपले रक्त ३७ अंशांचे. जी बुरशी उष्णतेतच चेकाळते तिचा पुरता स्वभाव माशात उमटत नाही. तेवढ्यापुरते उंदराकडेच जावे लागते.