भरतीत उभं राहणारं देऊळ

जपानमधल्या हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर इत्सुकुशिमा हे शिंतो देवस्थान आहे. भरती आली की त्याच्या मंडपांखाली आणि लांबलचक ओसऱ्यांखाली समुद्र शिरतो. संपूर्ण बेटच पवित्र मानलं जाई, म्हणून देऊळ किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात उभं राहिलं. 1168च्या सुमारास तैरा नो कियोमोरी या सरदाराने त्याला आजचं भव्य रूप दिलं. पुढे आगींनी नुकसान केलं, पुनर्बांधणी झाली. सध्याचा मुख्य गाभारा 1571चा आहे.

लाकूड आणि खारं पाणी यांचं वैर जुनंच. ओसऱ्यांच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या आहेत. खालून उसळणारं पाणी त्यांतून वर येतं, दाब सुटतो आणि जमीन उखडत नाही. मला ही युक्ती फार मोलाची वाटते: लाटेला अडवण्याऐवजी तिला वाट करून द्यायची.

समोरच्या पाण्यातली सुमारे 16 मीटर उंचीची कमान याहून नवलाची. 1875 साली उभारलेल्या या कमानीचे दोन मुख्य खांब कापराच्या झाडाचे आहेत आणि ते जमिनीत पुरलेले नाहीत! खाली ठोकलेल्या लाकडी खुंटांच्या पायावर ती केवळ स्वतःच्या भाराने उभी आहे. तो भार वाढावा म्हणून वरच्या पोकळ तुळईत दगड भरले आहेत. दोन्ही मुख्य खांबांना चार छोटे खांब आधार देतात.

तरीही वादळं नुकसान करतातच. 1991च्या चक्रीवादळात इथला नो नाट्याचा रंगमंच कोसळला. तो पुन्हा बांधावा लागला. 2019 ते 2022 या काळात कमानीचीही मोठी डागडुजी झाली.