नव्या प्रेमसंबंधातील विश्वास आणि फसवणूक

प्रस्तावना

एका उदाहरणापासून सुरुवात करू. समजा, तुमच्या मैत्रिणीची समाजमाध्यमावर एका तरुणाशी ओळख झाली. तो परदेशात अभियंता असल्याचे सांगतो. तीन आठवड्यांत लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. व्हिडिओ कॉलचा विषय निघाला की मात्र त्याला नेटवर्क मिळत नाही. एके दिवशी फोन येतो : त्याने पाठवलेली भेटवस्तू विमानतळावर कस्टम्सने अडवली आहे, सोडवण्यासाठी पैसे भरा. मैत्रीण हुशार आहे, तरीही ती पैसे भरते. असे का होते? ‘प्रेम आंधळे असते’ हे उत्तर पुरेसे नाही. त्यामागची मानसिक प्रक्रिया आपण या घटकात समजून घेऊ.

सजावट आणि फसवणूक

नव्या ओळखीत प्रत्येकजण आपली चांगली बाजू पुढे करतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी याला रंगमंचाची उपमा दिली : लोकांसमोर आपण एक भूमिका वठवतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टोमा, हँकॉक आणि एलिसन यांनी न्यूयॉर्कमधील ८० जणांची डेटिंग संकेतस्थळावरील माहिती प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहिली. उंची, वजन किंवा वय यांपैकी किमान एक गोष्ट दहापैकी सुमारे आठ जणांनी चुकीची लिहिली होती. मात्र बहुतेक फरक किरकोळ होते. पुढे प्रत्यक्ष भेटायचे असेल, तर फार मोठी थाप पचत नाही.

मग फसवणूक कशाला म्हणायचे? समोरच्याचा निर्णय बदलावा म्हणून जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती, किंवा मुद्दाम लपवलेले सत्य, म्हणजे फसवणूक. स्वतःला एक प्रश्न विचारा : ‘हे खरे मला आधी कळले असते, तर मी हाच निर्णय घेतला असता का?’ दोन इंच उंची वाढवून सांगणे आणि आधीचे लग्न लपवणे यांतला फरक या प्रश्नाने स्पष्ट होतो.

खोटे ओळखता का येत नाही?

याची तीन कारणे लक्षात ठेवा.

१. माणूस मुळात समोरच्याचे बोलणे खरे मानून चालतो. संज्ञापन अभ्यासक टिमथी लेव्हीन यांच्या सिद्धांताचा हाच गाभा आहे. ही सवय मूर्खपणाची नाही. तिच्याशिवाय रोजचे व्यवहारच चालणार नाहीत.

२. चेहरा पाहून खोटे ओळखता येते, हा समज चुकीचा आहे. बाँड आणि डेपाउलो यांनी २००६ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर आला होता, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडाच बरा.

३. जवळीक वाढली की ‘मी याला पुरता ओळखते’ ही खात्री वाढते. पण मॅकॉर्नॅक आणि पार्क्स यांनी १९८६ मध्ये दाखवले की, या खात्रीबरोबर खोटे पकडण्याची क्षमता वाढत नाही. उलट विश्वासामुळे आपण तपासणेच सोडून देतो.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. आपली खात्री हा समोरच्याच्या खरेपणाचा पुरावा नसतो.

संशय हा उपाय नव्हे

म्हणून प्रत्येकावर संशय घ्यायचा का? गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’ या नाटकातील फाल्गुनराव आठवा. पुराव्याविना घेतलेला संशयही डोळसपणे पाहू देत नाही. जोडीदाराचा मोबाइल चोरून पाहणे म्हणजे पडताळणी नव्हे. पडताळणी उघडपणे होते : व्हिडिओवर बोलणे, सार्वजनिक ठिकाणी भेटणे, एकमेकांच्या मित्रमंडळींना भेटणे, नोकरी-शिक्षणाबद्दल सरळ विचारणे. खरा माणूस अशा प्रश्नांनी क्वचित दुखावेल, पण उत्तर देईल. ‘विश्वास असेल तर विचारणार नाहीस’ हे वाक्य ऐकू आले, तर मात्र सावध व्हा. घाई, गुप्तता आणि पैशाची मागणी या तीन गोष्टी एकत्र आल्या की थांबा आणि घरच्या किंवा विश्वासातल्या व्यक्तीशी बोला.

कायदा काय सांगतो?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ६९ नुसार, लग्नाचा हेतू नसताना तसे वचन देऊन किंवा कपटाने एखाद्या स्त्रीशी शरीरसंबंध ठेवल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. खरी ओळख लपवून लग्न करणेही या कपटात मोडते. मात्र प्रत्येक मोडलेले नाते गुन्हा ठरत नाही. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, म्हणजे ही संहिता येण्यापूर्वीच, खोटे वचन आणि पुढे पाळता न आलेले वचन यांत भेद केला. वचन देतानाच ते पाळण्याचा हेतू नव्हता का, हे पाहावे लागते. ऑनलाइन पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

सारांश

फसलेली व्यक्ती मूर्ख नसते. विश्वास ठेवण्याच्या माणसाच्या स्वाभाविक सवयीचा कुणीतरी गैरफायदा घेतलेला असतो. त्यामुळे लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी. फसलेल्याने गप्प राहण्याचे कारण नाही.

स्वाध्याय

१. सजावट आणि फसवणूक यांतील फरक स्वतःच्या उदाहरणासह स्पष्ट करा.
२. जवळीक वाढल्यावर खोटे ओळखणे सोपे का होत नाही?
३. प्रस्तावनेतील मैत्रिणीला पैसे भरण्याआधी तुम्ही कोणते तीन प्रश्न विचारायला सांगाल?