आजींना विचारले का?

सकाळी सहाला आंघोळ, सातला चहा, साडेआठला गोळ्या, दुपारी साडेबाराला जेवण, रात्री नऊला दिवे बंद. अनेक वृद्धाश्रमांचा दिनक्रम साधारण असाच असतो. तीस-चाळीस जणांचे करायचे तर शिस्त हवीच. पण जन्मभर आधी देवपूजा आणि मग चहा असा क्रम पाळलेल्या आजींच्या हातात सातला कप येतो आणि त्या तो तसाच निवू देतात. नोंदवहीत शेरा पडतो, ‘सहकार्य करत नाहीत’. पूजा व्हायची असते, एवढेच. पण ते कोणी विचारलेले नसते.

सेवा ठरवण्याआधी त्या माणसाला विचारायचे आणि त्याच्या सवयी, आवडीनिवडी, नातीगोती लक्षात घेऊन त्याचा दिवस आखायचा, या पद्धतीला ‘व्यक्तिकेंद्री काळजी’ म्हणतात. ऐकायला हा निव्वळ आपुलकीचा भाग वाटतो. पण त्याचा प्रकृतीशीही संबंध आहे.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील ९१ वृद्धांचे मजल्यानुसार दोन गट केले होते. एका गटाला सांगण्यात आले, की खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुमचे तुम्ही ठरवा. प्रत्येकाला एक रोप निवडायला आणि सांभाळायला दिले. सिनेमा गुरुवारी पाहायचा की शुक्रवारी, हेही त्यांच्यावर सोपवले. दुसऱ्या गटालाही रोप मिळाले, सिनेमाही मिळाला. पण रोपाला पाणी परिचारिका घालणार आणि सिनेमाचा वार संस्था ठरवणार होती.

तीन आठवड्यांनी घेतलेल्या नोंदींत पहिल्या गटातील ९३ टक्के लोकांची स्थिती सुधारलेली दिसली, तर दुसऱ्या गटातील ७१ टक्के लोक आणखी खालावले होते. दीड वर्षाने पहिल्या गटातील ४७ पैकी ७ जण, तर दुसऱ्यातील ४४ पैकी १३ जण मरण पावले होते. हा आकडा अनेकदा सांगितला जातो. मात्र मृत्यूंमधील फरकाचे संख्याशास्त्रीय गणित चुकल्याची दुरुस्ती पुढे संशोधकांनीच छापली. त्यामुळे रोपाला पाणी घातल्याने आयुष्य वाढते, असा अर्थ त्यातून काढू नये. आपल्या दिवसावर आपला थोडा तरी ताबा उरला, तर माणूस अधिक उत्साही आणि सावध राहतो, एवढे मात्र या प्रयोगाने लक्षात आणून दिले.

स्मृतिभ्रंशात हा प्रश्न अधिक अवघड होतो. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातले टॉम किटवूड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात मांडले, की अशा रुग्णाचे हाल केवळ मेंदूच्या आजाराने होत नाहीत, भोवतालच्या वागण्यानेही होतात. त्याच्यादेखत त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखे बोलणे, लहान मुलासारखे दटावणे, घाईघाईने कपडे उतरवणे, या साऱ्याने तो अधिक बिथरतो. आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाला कधी कुठे तरी दुखत असते, कधी लघवीला जायचे असते, कधी भूक लागलेली असते. ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून वागण्यातून बाहेर पडते. कारण न शोधता झोपेची गोळी दिली, तर मूळ त्रास तसाच राहतो.

हे सगळे जाणणारी सेविकाही घड्याळापुढे हतबल होते. नेदरलँड्समध्ये घरपोच शुश्रूषेचे असेच तुकडे पडले होते. इंजेक्शनला इतकी मिनिटे, आंघोळीला इतकी, आणि प्रत्येक कामाला वेगळे माणूस. स्वतः परिचारक असलेले योस द ब्लोक यांनी २००६ मध्ये ‘ब्यूर्टझोर्ग’ ही संस्था सुरू केली. नावाचा अर्थ शेजारपाजारची काळजी. एका भागासाठी जास्तीत जास्त १२ जणांचा चमू असतो आणि कोण कधी जाणार, हे तो चमूच ठरवतो. पहिल्या भेटीत बसून बोलायचे, घरचे आणि शेजारी कोणती मदत करू शकतात ते पाहायचे आणि रुग्ण स्वतःचे स्वतः काय करू शकेल याला बळ द्यायचे, अशी ही पद्धत आहे. अशा दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपर्यंत ही संस्था वाढली.

आपल्याकडे वृद्धांचे बरेचसे करणे सुना, मुली आणि ब्युरोकडून आलेल्या मावशींवर असते. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. आपल्या दिवसात आपल्याला विचारले जाण्याचा हक्क मात्र घरातच द्यावा लागतो. त्यासाठी एक साधा कागद उपयोगी पडतो. आजींना काय म्हणून हाक मारलेली आवडते, चहा कधी आणि कसा, कोणत्या कानाने नीट ऐकू येते, कशाची भीती वाटते, दुपारी कोणाशी फोनवर बोलायचे असते, हे त्यांनाच विचारून लिहावे आणि भिंतीवर लावावे. मावशी बदलली, तरी आजींना पहिल्यापासून सगळे सांगावे लागत नाही.

विचारले म्हणजे प्रत्येक हट्ट पुरवायचा, असे नाही. मधुमेह असलेल्या आजोबांना रोज जिलबी देता येणार नाही. पण सणाला किती खायची, हे डॉक्टरांना विचारून त्यांच्यासोबत ठरवता येते. पडतील म्हणून फिरणेच बंद केले, तर पायांतील ताकद जाते आणि पडण्याचा धोका वाढतो. त्यापेक्षा काठी, रबरी तळव्याच्या चपला आणि सोबतीला कोणी, असा मार्ग निघतो. करणाऱ्यांचीही दमछाक होत असते. त्यांनाही आठवड्यातून काही तास सुटी हवी. ती सुटी कधी घ्यायची, हेही आजी-आजोबांशी बोलूनच ठरवावे.