भिंतीवांचून भट्टी

सूर्याप्रमाणें हायड्रोजनचे अणुगर्भ एकत्र मिळवावयाचे, तर कोट्यवधि अंशांचें उष्णतामान लागतें. इतका तप्त विद्युद्भारित वायु, म्हणजे प्लाझ्मा, भिंतीस लागतांच निवतो. म्हणून त्यास चुंबकीय बलरेषांनीं कोंडतात. कण त्यांभोंवतीं घिरट्या घालतात. साध्या कंकणाकृति क्षेत्रांतून ते निसटतात. प्लाझ्मांतूनच विद्युत्प्रवाह वाहविला, म्हणजे रेषांस पीळ बसून ते आंत राहतात. हीच टोकामाकची युक्ति.

मॉस्कोंतील ‘टी-३’ टोकामाकांत सुमारें १ कोटि अंश गांठल्याचें रशियनांनीं १९६८ सालीं जाहीर केलें. पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. १९६९ सालीं ब्रिटनच्या कलहॅम प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञ लेसर घेऊन तेथें गेले. प्लाझ्मानें विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांनीं उष्णतामान मोजलें. दावा खरा ठरला. राष्ट्रांत वैर असतांहि मोजमाप उभयतांस मान्य झालें, आणि जगभर टोकामाक उभे राहूं लागले.