गाविलगडचा कडा, पूर्णेचा गाळ

अकोट किंवा परतवाडा मागे टाकून उत्तरेला निघालं की सपाट काळं रान एकाएकी संपतं आणि मेळघाटचा डोंगर सरळ अंगावर येतो. पायथा तीन-चारशे मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. डोंगराची ही रेघ पूर्व-ईशान्येकडे सरळ जाते, कारण तिच्याखाली गाविलगडचा भ्रंश आहे, म्हणजे जिच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकल्या आहेत अशी खडकातली भेग.

भूकंपात जमीन फाटून उंचवटा उभा राहतो, याची जगभर गाजलेली पहिली नोंद आपल्याच देशातली. १८१९ च्या जूनमध्ये कच्छच्या रणात ऐंशीएक किलोमीटर लांबीचा ‘अल्लाबंद’ वर आला. भूवैज्ञानिक लायेलने तो आपल्या ग्रंथात घेतला. पण भ्रंश हा भूकंपाचा परिणाम की कारण, हा घोळ पुढे बरीच वर्षं राहिला. १८९१ मध्ये जपानच्या मिनो-ओवारी भूकंपात जमीन काही ठिकाणी सहा मीटर उचललेली पाहून भूवैज्ञानिक बुंजिरो कोतो यांनी ठाम सांगितलं, की भ्रंश हेच कारण. मग एकेका धक्क्यातलं मीटर-दोन मीटरचं सरकणं लाखो वर्षं साठत गेलं की डोंगर उभा राहतो, हे कळू लागलं.

आपल्याकडे मात्र हे गणित सरळ लागत नाही. १४ मार्च १९३८ चा सातपुड्याचा भूकंप सहाहून अधिक तीव्रतेचा, पण त्याचं केंद्र सुमारे चाळीस किलोमीटर खोल. १९९७ चा जबलपूरचाही तसाच खोल. वर डोंगर असूनही जमिनीवर भेग उमटली नाही. उलट ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत, जिथे सपाट शेतांशिवाय काही नव्हतं, तिथे उथळ भूकंपाने रानात मीटरभराहून कमी उंचीचे उंचवटे उठवले आणि हजारो माणसं गेली. सपाट जमीन म्हणजे निर्धोक जमीन, ही समजूत त्या पहाटे संपली.

वऱ्हाडात भ्रंशाची खरी खूण कड्यापेक्षा खालच्या गाळात आहे, असं मला वाटतं. भ्रंशाच्या उत्तरेची बाजू वर गेली, दक्षिणेची खचली आणि त्या खोलगटात पूर्णा नदीने शेकडो मीटर जाडीचा गाळ भरला. चंद्रभागा, शहानूर, वाण या नद्या डोंगरातून उतरताच वेग गमावतात आणि गोटे-वाळू पायथ्यालाच टाकतात. तिथे पाणी गोडं. वरूड-मोर्शीपासून अचलपूर-अंजनगावपर्यंत संत्र्याच्या बागा पायथ्याला का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. पुढे बारीक चिकणमातीत निचरा होत नाही, आणि दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोल्याकडचा खारपाणपट्टा सुरू होतो. खारपणाची कारणं अनेक सांगितली जातात. पण एवढा गाळ साचायला आधी जमीन खचावी लागली.

याच भ्रंशाच्या रेषेवरच्या सालबर्डीला तर काळ्या पाषाणाच्या मुलखात त्याहून जुने खडक उघडे पडलेत आणि गरम पाण्याचे झरेही आहेत.

ऑगस्ट २०१८ मध्ये मेळघाटातल्याच धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीला धक्के बसू लागले, गाव धास्तावलं. धक्के लहान होते, पण भीती खरी होती. तिच्यावर उत्तर शोधायचं, तर भ्रंशावर आडवे चर खोदून, तुटलेल्या थरांची वयं काढून जुन्या भूकंपांचा हिशेब लावता येतो. जपान आणि कॅलिफोर्नियात तो लावलाय. शहानूर आणि वाणेच्या तोंडाशी, जिथे नदीचा ताजा गाळ भ्रंशावरून पसरलाय, तिथे असे चर जागोजागी खोदले जायला हवेत.