पुस्तक आणलं कोणी?

मैत्रिणींनो, हिशेब ठेवण्यात आपला हात कोणी धरणार नाही. दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर, सिलिंडर लावल्याची तारीख स्वयंपाकघराच्या दाराआड, भिशीचे पैसे डायरीत. मग वर्षभरात आपण काय वाचलं, याचाच हिशेब का नसावा? २०२५ च्या १ जानेवारीला मी लेकीची अर्धी कोरी राहिलेली शंभर पानी वही घेतली, पट्टीने रेघा मारल्या आणि रकाने पाडले. पुस्तकाचं नाव, लेखक, कधी सुरू केलं, कधी संपलं, दिवसाच्या कोणत्या वेळी वाचलं, आणि शेवटी दोन ओळींची जागा. जागा उरली म्हणून आणखी एक रकाना घातला, ‘कोणी आणलं’. तो सहज घातला होता, पण वर्षाच्या शेवटी वाचण्यासारखा निघाला तो तोच!

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नळ आठ-दहा दिवसांनी येतात. त्या दिवशी पिंप, टाकी, बादल्या, पातेली भरण्यापलीकडे दुसरं काही होत नाही. पण नळ येणार असं समजल्यापासून प्रत्यक्ष पाणी येईपर्यंतचा जो वेळ असतो ना, त्यात माझी चाळीस-चाळीस पानं झाली आहेत. ‘वेळ’ या रकान्यात ‘नळाची वाट बघताना’ असं अकरा वेळा लिहिलेलं आहे. बँकेची रांग, दवाखान्याचा बाक, मेहकरची एसटी... आणि दुपारी दोन ते चार. ही दुपारची वेळ तर सगळ्यात जास्त. डबे गेलेले, भांडी घासून पालथी घातलेली, मुलं शाळा-क्लासला. त्या दोन तासांत माझं बहुतेक वाचन झालं.

वर्षभरात ४६ पुस्तकं हातात घेतली. ३८ पूर्ण केली, ८ अर्धवट सोडली. (सोडण्याची लाज अजिबात बाळगू नका. नासलेली भाजी आपण टाकतोच, मग तीनशे पानं केवळ सुरू केली म्हणून का रेटायची?) मे महिन्यात एकच पुस्तक. लग्नसराई, पाहुणे आणि उन्हाळी वाळवणं. ऑक्टोबरातही एकच, कारण दिवाळी. आणि जुलैत चक्क सात! त्याचं कारण पुढे सांगते.

आता तो शेवटचा रकाना. ४६ पैकी १९ पुस्तकं ह्यांनी आणलेली. ६ मुलाने. ८ मैत्रिणींकडून फिरत आलेली. ४ घरातच कपाटावर धूळ खात पडलेली. आणि मी स्वतः ग्रंथालयात जाऊन, कपाटासमोर उभी राहून, चाळून निवडलेली किती? फक्त ९.

ह्यांनी आणलेली पुस्तकं वाईट नव्हती हो. रणजित देसाईंचं ‘स्वामी’ मी तिसऱ्यांदा वाचलं आणि तिसऱ्यांदा रडले. ‘मृत्युंजय’ होतं, सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या होत्या. ऑफिसातून येताना ग्रंथालय वाटेवर पडतं, म्हणून हे पाच मिनिटं थांबतात आणि टेबलावर परत आलेल्या ढिगातलं वरचं एखादं उचलतात. ‘तुला वाचायलाच हवं ना, हे घे!’ यात प्रेमच आहे. पण आपली साडी आपण दुसऱ्या कोणाला निवडू देतो का? अर्धवट सोडलेल्या ८ पुस्तकांपैकी ६ त्या ढिगातली होती. मी निवडलेल्या नऊपैकी एकही सोडलं नाही. आणखी एक गोष्ट मोजली. त्या नऊपैकी ७ पुस्तकं बायकांनी लिहिलेली होती. उरलेल्या ३७ मध्ये बायकांची मिळून तेवढीच, ७.

मग मी स्वतः का जात नाही? कारण ग्रंथालयाच्या दारावरच लिहिलेलं आहे. सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८. सकाळी आठला पोळ्या तव्यावर असतात. संध्याकाळी पाचनंतर मुलं भुकेली घरी येतात, दिवाबत्ती, कुकर, कोणाचा ना कोणाचा चहा. आपण मोकळ्या असतो त्या दुपारच्या वेळी दाराला कुलूप! यात कोणाचा दुष्टावा नाही. वेळ ठरवणाऱ्यांनी आपली वेळ पाहून ठरवली, एवढंच. आणि कार्ड? आमच्या घरात एकच. आधी सासऱ्यांच्या नावावर होतं, ते गेल्यावर ह्यांच्या नावावर झालं. घरात तीन बाया वाचणाऱ्या, पण कार्ड मात्र पुरुषाच्या नावाचं. तुमच्याकडे काय आहे, एकदा कार्ड उलटून बघा.

त्या नऊ पुस्तकांतली काही मी मुद्दाम शोधून आणली. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० सालचं पुस्तक बी.ए.ला असताना गाईडमधून पाठ केलं होतं, मूळ आता वाचलं. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या. न्यायमूर्ती रानडे शिकवायला तयार, पण घरातल्या बायकांना ते मुळीच पसंत नव्हतं. नवऱ्याने शिकवायचं आणि दिवसभर घरातल्यांचे टोमणे ऐकायचे, असं त्यांचं शिक्षण. दुसरं पुस्तक बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमचं’. फलटणला त्यांचं लहानसं दुकान होतं. माल बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचायच्या. पुढे स्वतः लिहू लागल्या, तर ते लिखाण वीसेक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. पुस्तक आलं १९८६ मध्ये. दलित वस्तीतल्या बाईचं दुहेरी ओझं त्यांनी असं लिहिलंय की त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं मी काहीतरी वाचून दाखवते. तिथे ही रद्दीची गोष्ट सांगितली. आमच्यातली एक जण बसस्टँडजवळ भजी-पोह्याची गाडी लावते. ती हसायलाच लागली. म्हणाली, “ताई, मी बी तेच करतो. पुडी बांधायच्या आधी वाचून घेतो. गोष्ट अर्धीच ऱ्हायली तर दिवसभर चैन पडत नाही.” शाळा सातवीपर्यंत झालेली. तिला मी ‘बनगरवाडी’ दिलं. दीड महिना लागला, पण वाचलं. परत देताना विचारते, “हे पुस्तक तुम्ही आणलं, का साहेबांनं?” माझ्या रकान्याची गोष्ट गटात एव्हाना सगळ्यांना माहीत झाली होती! माझी वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा हीच म्हणाली होती, “काहून लिहिता एवढं? सावकाराचं खातं हाय का?”

तिसरं पुस्तक आमच्या मातीतलं. ताराबाई शिंदे आमच्या बुलढाण्याच्या. १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. बायकांना दोष देणाऱ्या पुरुषांना त्यांनी जे खडसावून विचारलंय, ते आजही मोठ्याने वाचायला घरात कोण कोण बसलंय ते बघावं लागेल! हे पुस्तक पुढे जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा संपादित करून प्रसिद्ध केलं, म्हणून आपल्याला मिळालं. आमच्या ग्रंथालयाच्या यादीत त्याचं नाव होतं. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, मागच्या रांगेत सापडलं. मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर फक्त दोन शिक्के. जिल्ह्यातली बाई, जिल्ह्यातलं ग्रंथालय आणि पुस्तक नेणारे दोघे. टेबलावरच्या ढिगात ते कधी आलंच नाही, कारण परत यायला आधी कोणी न्यावं लागतं.

आता जुलैची सात पुस्तकं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ड्रॉप्स घालायचे, पाणी लागू द्यायचं नाही, वाचन बंद. त्यांना दुपारी पेपर लागतो, टीव्ही आवडत नाही. वय ७३, शिक्षण चौथी. मग मी दुपारी मोठ्याने वाचू लागले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढली. लक्ष्मीबाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. टिळकांचा तो लहरी संसार, धर्मांतराने झालेली ताटातूट आणि त्यातही बाईंचा तो विनोद! सासूबाई डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून हसायच्या आणि मी घाबरून म्हणायची, “अहो आई, डोळ्यावर ताण येईल!” एका दुपारी मी दळण आणायला उठले, तर म्हणाल्या, “दळण संध्याकाळी आण. आधी ते दोघं एकत्र येतात का ते सांग.” माझ्या चोवीस वर्षांच्या संसारात दळण मागे पडल्याचा हा पहिला प्रसंग.

पुस्तक संपल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, “हे आपल्या ग्रंथालयातच होतं?” मी म्हटलं, “हो, कधीचंच.” “मग तुझ्या सासऱ्यांनी कधी आणलं नाही ते.” एवढंच म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. पण पट्टी निघाल्यावर आठ दिवसांनी मला म्हणाल्या, मला माझ्या नावाचं कार्ड करून दे. पाचशे रुपये अनामत आणि महिन्याला तीस रुपये वर्गणी. पैसे त्यांनी स्वतःच्या बटव्यातून दिले, माझे घेतले नाहीत.

पण कार्ड झालं तरी दाराची वेळ तीच! सप्टेंबरात आम्ही ३१ जणींनी सह्या करून अर्ज दिला. ग्रंथालय दुपारी उघडं ठेवा. कार्यकारिणीत एकही बाई नाही. पहिलं उत्तर ठरलेलंच, “बायकांसाठी वेगळं कशाला?” मी म्हटलं, वेगळं नकोच, दुपारी पुरुषही येऊ देत. मग खरी अडचण पुढे आली, आणि ती रास्त होती. आपल्याकडची बहुतेक ग्रंथालयं सरकारी अनुदानावर चालतात. अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि वर्ग जितका खालचा तितकं अनुदान कमी. देवघेव बघणारा कर्मचारी एकच, पगार तुटपुंजा. त्याला तेवढ्याच पैशांत आणखी दोन तास थांबा म्हणायचं, हे आम्हा बचत गट चालवणाऱ्यांना तरी शोभलं नसतं. मग तोडगा निघाला. बुधवारी आणि शनिवारी सकाळचे दोन तास कमी करायचे आणि दुपारी दोन ते चार उघडायचं. यावर सकाळी पेपर वाचायला येणारे निवृत्त काका मंडळी खवळली! “आमच्या पेपरचं काय?” त्यांना सांगितलं, दुपारी या, पेपर तिथेच असतो. दोघे येतात आता. एकाने तर परवा मला दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ वाचा म्हणून आग्रह केला.

डिसेंबरपासून हे सुरू आहे. पण अट आहे. दर खेपेला निदान पंधरा जणी यायला हव्यात, नाहीतर मार्चनंतर बंद. पहिल्या बुधवारी ११ आल्या, शनिवारी १७. मध्येच लग्नाची तिथी आली तेव्हा ९. मागच्या बुधवारी बरोब्बर १५, त्यात पंधराव्या म्हणजे काठी टेकत आलेल्या आमच्या सासूबाई. हजेरीची वही माझ्याकडेच आहे. म्हणजे आता माझ्याकडे दोन वह्या झाल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे सगळ्याच जणींना बोलावतो, कोणाचा नवरा आहे आणि कोणाचा नाही हे बघत नाही. या वेळी प्लॅस्टिकच्या डब्या न देता वाण म्हणून ग्रंथालयाचे सभासद अर्ज ठेवले होते, सोबत एक पेन. काहींनी नाकं मुरडली. “वाण म्हणजे वस्तू हवी!” हेही ऐकलं. पण २२ अर्ज भरून आले. एका नव्या सुनेने अर्ज हातात घेऊन हळूच विचारलं, “काकू, नाव कोणाचं टाकायचं? ह्यांचं की माझं?”

पाचशे रुपये एकदम भरणं बऱ्याच जणींना जड जातं. म्हणून अनामत गटातून भरायची आणि शंभर-शंभरच्या पाच हप्त्यांत फेडायची, बिनव्याजी, असं ठरवलंय. पहिल्या आठ जणींचे पैसे येत्या बुधवारी भरणार आहोत. जवळपास राहात असाल तर दोन वाजता या. येताना पाण्याची बाटली आणा, कारण तिथला माठ अजून फुटकाच आहे.