गोंडपिपरी या शब्दात अक्षरे किती?

वर्गात हा प्रश्न विचारला तर मुले बोटांवर मोजून सांगतील, पाच. गों, ड, पि, प, री. उत्तर अगदी बरोबर आहे. हाच प्रश्न संगणकाला विचारला तर तो कधी नऊ म्हणतो, कधी सत्तावीस. गंमत अशी की ही उत्तरेही बरोबरच आहेत. या तीन उत्तरांमधला फरक वेळीच ध्यानात आला नाही, म्हणून आम्हाला कित्येक संध्याकाळी डोके धरून बसावे लागले. त्याची ही हकीकत.

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गोंडपिपरी तालुक्यातल्या एका शाळेसाठी आम्ही हौसेने एक छोटी आज्ञावली लिहिली. टेबलावरच्या साध्या संगणकावर एक खिडकी उघडते, तीत विद्यार्थ्याचे नाव, गाव, जन्मतारीख भरायची, 'जतन करा' हे बटण दाबायचे, आणि हवा तेव्हा दाखला छापून घ्यायचा. धाबा आणि वढोली ही गावे भरून पाहिली, सगळे सुरळीत झाले. आम्ही खूष!

आठवड्याने निरोप आला, 'गावांची नावे तुटतात.' जाऊन पाहतो तर 'गोंडपिपरी'चे 'गोंडपि' झाले होते, 'भंगाराम तळोधी'चे 'भंगारा', आणि 'विठ्ठलवाडा'चे नुसते 'विठ्ठल'. प्रत्येकाच्या शेवटी शंकरपाळ्याच्या आकाराची एक काळी चौकट आणि तिच्या पोटात प्रश्नचिन्ह. हसू आले, पण क्षणभरच. शाळेच्या दाखल्यावरचे नाव आणि गाव पुढे जातीच्या दाखल्यापासून नोकरीपर्यंत मुलाची सोबत करते. तिथे चूक राहिली तर हेलपाटे त्या मुलाच्या आईवडिलांना पडतात.

अंदाज आणि प्रयोग

आमचा पहिला अंदाज, अक्षरांचा टंक खराब असावा. टंक बदलला, फरक पडला नाही. दुसरा अंदाज, कळफलकावरून चुकीचे टाइप होत असावे. पण खिडकीत टाइप करताना नाव पूर्ण दिसत होते. जतन करून पुन्हा उघडले की तुटत होते. म्हणजे दोष टाइप करण्यात नव्हता, साठवण्यात होता. तिसरा अंदाज, जोडाक्षरांमुळे होत असावे. पण 'गोंडपिपरी'त जोडाक्षर कुठे आहे? तोही अंदाज बाद.

मग आम्ही तेच केले जे आपण प्रयोगशाळेत मुलांना शिकवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते वहीत लिहायचे. गावाच्या रकान्यात इंग्रजीतले 'ए' हे अक्षर वीस वेळा टाइप केले. वीसच्या वीस परत मिळाले. मग 'क' वीस वेळा टाइप केला. परत मिळाले सहा 'क' आणि एक शंकरपाळे! तीन तुटलेली गावे एकत्र ठेवून जे कळले नव्हते ते या एका ओळीने सांगितले. रकान्याला वीसची मर्यादा होती, पण वीस अक्षरांची नव्हे.

पडद्यावरचे अक्षर आणि आतले आकडे

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. 'युनिकोड' या जागतिक पद्धतीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून तीत देवनागरी आहे. 'ग'चा क्रमांक २३२७, ओकाराची मात्रा २३७९, अनुस्वार २३०६. म्हणजे आपल्या डोळ्यांना एक दिसणारे 'गों' हे संगणकासाठी एकापुढे एक ठेवलेले तीन आकडे आहेत. 'ड'चा एक, 'पि'चे दोन, 'प'चा एक, 'री'चे दोन. एकूण नऊ.

आता हे आकडे साठवायचे कसे? साठवणीतल्या एका घराला 'बाइट' म्हणतात आणि त्यात ० ते २५५ एवढाच आकडा मावतो. २३२७ एका घरात बसणार नाही. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यासाठी 'यूटीएफ-८' ही मांडणी तयार केली. तीत इंग्रजी अक्षराला एक घर लागते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. नऊ त्रिक सत्तावीस! तिसरे उत्तर हे असे आले.

आम्ही गावासाठी वीस घरे राखली होती. सहा चिन्हांना अठरा घरे लागली, उरली दोन. सातव्या चिन्हाचे तीनपैकी दोनच भाग आत गेले आणि तिसरा बाहेर राहिला. अशा अर्धवट चिन्हाचा अर्थ लागत नाही, तेव्हा संगणक त्याच्या जागी ते शंकरपाळे दाखवतो. 'विठ्ठलवाडा'तली पहिली सहा चिन्हे मोजून पाहा: व, इकार, ठ, हलन्त, ठ, ल. बरोबर 'विठ्ठल'वर कात्री का बसली, ते कळेल. धाबा चार चिन्हांचे आणि वढोली पाच चिन्हांचे, म्हणून ती दोन्ही गावे सुखरूप राहिली. दोष पहिल्या दिवसापासून होताच. आमची चाचणीच आखूड होती.

उपाय दोन केले. रकाना मोठा केला, आणि नाव मावत नसेल तर मुकाट्याने न कापता तसे स्पष्ट सांगण्याची आज्ञा घातली. मात्र आधीच कापली गेलेली नावे परत आणता आली नाहीत. ती कागदी नोंदवहीतून पुन्हा भरावी लागली. नोंदवही जपून ठेवणाऱ्या गुरुजींचे आम्ही मनापासून आभार मानले.

दिसायला सारखे, आत वेगळे

नंतरच्या तक्रारीही याच जातीच्या निघाल्या. 'कऱ्हाडे' आडनावाची मुलगी यादीत दिसत होती, पण शोधले की 'नोंद नाही' असे उत्तर येई. इथला 'ऱ्ह' दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. पण पहिल्या रीतीने आडनावात सात आकडे होतात, दुसऱ्या रीतीने आठ. संगणक आकडे ताडून पाहतो, त्याच्या दृष्टीने ही दोन आडनावे झाली. उपाय असा की जतन करताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, नाव आधी एकाच ठरलेल्या रीतीत बदलून घ्यायचे.

अक्षरांचे सोडा, साध्या बेरजेतही हे घडते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोजचे १०० ग्रॅम धान्य धरतात. आम्ही ते ०.१ किलो असे लिहिले. दहा मुलांसाठी ०.१ दहा वेळा मिळवले आणि उत्तर १ आहे का, असे संगणकाला विचारले. तो म्हणाला, नाही! त्याच्या हिशेबी उत्तर होते ०.९९९९९९९९९९९९९९९९. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलो तर ०.३३३... असे संपतच नाही, हे आपण शिकवतो. संगणक द्विमान पद्धतीत मोजतो आणि त्या पद्धतीत एक दशांशाची तीच गत होते. कुठेतरी तोडावे लागते आणि तोडलेला कण मागे राहतो. हिशेब ग्रॅममध्ये, पूर्णांकात ठेवला की प्रश्न मिटतो.

हा कण क्षुल्लक समजू नये. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या 'पेट्रियट' यंत्रणेला येणारे क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक ठार झाले. ती यंत्रणा वेळ एक दशांश सेकंदाच्या पटीत मोजत होती. सलग सुमारे १०० तास चालू राहिल्यावर साठत गेलेली चूक ०.३४ सेकंदांपर्यंत पोचली होती. तेवढ्या वेळात ते क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापत होते.

गोठलेली खिडकी

शेवटची तक्रार अशी, 'सगळ्या वर्गाचे दाखले एकदम काढायला गेलो की खिडकी गोठते.' असे समजा, की कचेरीत एकच कारकून आहे. तो फाइल आणायला आतल्या खोलीत गेला की बाहेर रांगेतल्या माणसाला वाटते, कचेरी बंद झाली. साध्या आज्ञावलीत खिडकी सांभाळणारा आणि काम करणारा असा एकच कारकून असतो. त्याने पाच सेकंद रांगेकडे पाहिले नाही, तर विंडोज प्रणाली त्या खिडकीवर 'प्रतिसाद देत नाही' अशी पाटी लावते. उपाय म्हणजे लांबलेले काम दुसऱ्या कारकुनाकडे, म्हणजे वेगळ्या 'थ्रेड'कडे सोपवणे.

पण माणूस एवढे थांबत नाही, तो सरळ संगणकच बंद करतो. कधी वीज जाते, परिणाम तोच. जुन्या फाइलवर नवी लिहिण्याचे काम अर्ध्यात राहिले, तर जुनीही जाते आणि नवीही. म्हणून आधी वेगळ्या नावाने नवी फाइल पूर्ण लिहावी, ती संगणकाच्या तबकडीवर पोचल्याची खात्री करावी, आणि मगच तिला जुनीचे नाव द्यावे. नवे घर बांधून झाल्याशिवाय जुने पाडायचे नाही, इतकेच.

वर्गात करून पाहा

या सर्व दोषांचे मूळ एकच आहे. पडद्यावर दिसते ते वेगळे आणि आत असते ते वेगळे. म्हणून दोष शोधताना पडद्याकडे टक लावून बसू नये. आत काय साठले आहे ते आकड्यांच्या रूपात बाहेर काढावे. दोष हमखास पुन्हा घडवता येईल अशी सर्वांत लहान कृती शोधावी. एका वेळी एकच बदल करावा. काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे तीन रकाने वहीत मांडावेत. यासाठी संगणकतज्ज्ञ असावे लागत नाही. प्रयोगवही नीट लिहिणारा आठवीचा विद्यार्थीही हे करू शकतो.

एक सोपा उपक्रम सुचवतो. प्रत्येक मुलाने आपल्या नावातली अक्षरे, चिन्हे आणि घरे मोजावीत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हे धरावीत आणि एकूण चिन्हांना तिनाने गुणावे. वर्गात सर्वांत जास्त घरे लागणारे नाव कोणाचे, ते फळ्यावर लिहावे. पुढे कोणी शाळेसाठी आज्ञावली लिहून आणली, तर पहिली नोंद त्याच नावाची करायला सांगावे. आम्ही तसे केले असते, तर विठ्ठलवाड्याचा वाडा शाबूत राहिला असता.